पगाराला पाटी कुठे लावायची?

मोठ्या बाईंना मुख्याध्यापिका होऊन वर्षही झालं नव्हतं आणि त्यातला बराचसा काळ त्यांनी डोकं धरूनच काढला होता. जन्मभर भूगोल शिकवला बिचारीने. आधीच्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या आणि ‘आता तुम्हीच सगळ्यांत जुन्या’ असं म्हणत मंडळाने हे घोंगडं यांच्या गळ्यात टाकलं. नद्या कुठून निघून कुठे जातात ते त्या झोपेतही सांगतील, पण शाळेतला पैसा कुठून येतो आणि कुठे जिरतो, देवालाच ठाऊक!

शाळा खाजगी, छोटी, फीवर चालणारी. मुलं कमी झाली, फी आटली, आणि मंडळाने ठरवलं की एक पद कमी करायचं. कुठलं? तर वाचनखोलीचं. वाचनात मागे पडलेल्या मुलांना तिथे एकेक करून जवळ घेऊन बसणारी बाई म्हणजे मोठ्या बाईंची धाकटी जाऊ. आता बोला! दोघी एकाच घरात राहणाऱ्या, एकाच ओट्याशी चहा घेणाऱ्या. त्यात धाकटीच्या नवऱ्याचा धंदा बसलेला, तिच्या पगारावर त्यांची चूल पेटत होती.

त्यामुळे कोल्ड स्टोरेजवाल्या एक श्रीमंत बाई देणगी द्यायच्या विचारात आहेत हे कळल्यावर मोठ्या बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या लगेच मंडळाच्या अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्षांची लाकडाची वखार होती आणि बोलणंही तसंच, करवतीसारखं.

“त्यांच्याकडे पगारच मागू या ना,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“अहो बाई, लोक भिंतींना पैसे देतात. भिंतीवर पाटी लागते, आईचं नाव, वडिलांचं नाव. पगाराला पाटी कुठे लावायची? तुमच्या जावेच्या पाठीवर? आधी इमारत येऊ द्या. इमारत आली की मुलं येतील, मुलं आली की फी येईल, फी आली की पगार.”

“पण तोवर ती गेलेली असेल.”

“तोवर गेलेली असेल,” अध्यक्ष शांतपणे म्हणाले.

मोठ्या बाईंना यातलं एकेक वाक्य कळलं. सगळं मिळून मात्र काही म्हणता काही कळलं नाही.

देणगीदार बाई येणार त्या दिवशी तर कहरच झाला. मोठ्या बाईंनी शिक्षकांना बजावलं होतं की शाळा लख्ख दिसली पाहिजे. अध्यक्षांनी शिपायाला परस्पर सांगितलं होतं की ओल दिसू दे, पोपडे दिसू देत, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. दोघांनी एकमेकांना विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही! मग काय, एका वर्गात नवे पडदे आणि शेजारच्या वर्गात छताखाली बादली.

कोल्ड स्टोरेजवाल्या बाईंनी बादलीत डोकावून पाहिलं. “कोरडी आहे.”

“पाऊस नाही ना सध्या,” अध्यक्ष म्हणाले.

“तुमची शाळा चांगली चाललीय की बुडत चाललीय? मला काही कळेना.”

‘बाई गं, मलाही!’ मोठ्या बाई मनात म्हणाल्या.

वाचनखोलीत मात्र त्या बाई थबकल्या. धाकटीजवळ एक मुलगी ओळीवर बोट ठेवून अडखळत वाचत होती. धाकटी तिला घाई करत नव्हती, शब्द पुरवत नव्हती, नुसती मान डोलवत होती. पान संपेपर्यंत पाहुण्या बाई दारात उभ्याच राहिल्या.

“माझ्या आईला वाचता येत नव्हतं,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “तिच्या नावाने मी इथे वाचनगृह बांधून देते. वेगळी इमारत.” मग धाकटीकडे वळून म्हणाल्या, “तुम्हीच सांगा, रंग कोणता देऊ? खिडक्या कशा ठेवू?”

अध्यक्षांची नजर पाटीसाठी जागा शोधू लागली होती. आणि धाकटी, जिला सत्र संपताच घरी बसावं लागणार होतं, हसत हसत सांगत सुटली. “फिका पिवळा द्या. खिडक्या खाली घ्या, मुलांना बसल्याबसल्या बाहेरचं दिसलं पाहिजे.”

मोठ्या बाईंना ते बघवेना. त्यांच्या तोंडून निघूनच गेलं, “पण त्या तिथे नसतील हो. त्यांचं पद रद्द होतंय. पगाराला पैसे नाहीत.”

पाहुण्या बाईंनी धाकटीला विचारलं, “तुम्हाला हे माहीत होतं?”

“हो.”

“तरी मला रंग सांगत होतात?”

“खोली तर झाली असती,” धाकटी खाली बघत म्हणाली.

पाहुण्या बाईंनी पर्स उचलली आणि चहासुद्धा न घेता निघून गेल्या. “होत्याचं नव्हतं केलंत!” अध्यक्ष मोठ्या बाईंवर कडाडले.

घरी गेल्यावर धाकटीने भांडी आदळली. “ताई, कुणी सांगितलं होतं तुम्हाला हरिश्चंद्र व्हायला? माझं जायचं ते जाणारच होतं. पोरांना खोली तरी मिळाली असती!”

“मला वाटलं...”

“काय वाटलं?”

तेवढ्यात फोन वाजला म्हणून मोठ्या बाई सुटल्यासारख्या बाहेरच्या खोलीत गेल्या.

“मी विचार केला,” कोल्ड स्टोरेजवाल्या बाई म्हणाल्या. “भिंती राहू द्या. वाचनखोलीच्या शिक्षिकेचा तीन वर्षांचा पगार मी देते. पाटीबिटी काही नको.”

मोठ्या बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. “अहो, किती उपकार...”

“फक्त त्या बाई नकोत. सगळं माहीत असून माझ्या तोंडावर खिडक्या सांगत होत्या. धंद्यात असा माणूस मी एक दिवस ठेवत नाही. तुम्ही सरळ आहात, तुम्ही दुसरं कुणीतरी नेमा.”

“तिने मुलांसाठी केलं हो ते! तुम्ही पाहिलंत ना ती कशी शिकवते?”

“तुम्ही त्यांची एवढी बाजू का घेताय?”

“माझी जाऊ आहे ती.”

“म्हणजे हेही मला आत्ताच कळतंय,” त्या बाई म्हणाल्या. “आठवड्यात कळवा. नाहीतर दुसऱ्या शाळा आहेत.”

फोन बंद झाला. खरं बोलून जावेची नोकरी वाचवायला निघालो होतो ना आपण? मग हे काय झालं? आणि नाही म्हणायचं तर त्या मुलांचं काय? मोठ्या बाई फोनकडे बघत राहिल्या.

धाकटी हात पुसत बाहेर आली. “त्याच होत्या ना? काय म्हणाल्या?”

“पगार देते म्हणाल्या. तीन वर्षं.”

धाकटीने ओल्या हातांनीच त्यांना मिठी मारली. “ताई! आणि मी तुम्हाला काय काय बोलले हो! चुकलं माझं.” मग आत तोंड करून नवऱ्याला मोठ्याने सांगू लागली, “ऐकलंत का? राहिली माझी नोकरी! ताईंनी वाचवली!”