रिकाम्या मशीनवरची गोधडी

बाईंच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्यावर लोक खिडकीच्या कट्ट्यावर बसले, तो भरल्यावर जिन्यात उभे राहिले. जिन्यातल्यांना आत काय चाललंय ते पुढच्यांकडून ऐकावं लागत होतं. त्या बाबतीत बाई आणि जिन्यातले लोक सारखेच होते. बाईंना काचबिंदू होता. समोरचं धुरकट दिसायचं, बाजूचं त्याहून कमी. जन्मभर शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं गोधड्या शिवायला घेतल्या होत्या. आता त्यांच्याच घरच्या शिलाई मशीनवर चमत्कार चालू होता आणि तो त्यांना कानांनी बघावा लागत होता.

"मशीनवर रीळ आहे का?" मशीनपुढे बसलेल्या सुईमातांनी विचारलं. आपल्या गोधडीनं दुखणी बरी होतात असं त्या सांगत, आणि मशीनमागे त्यांची शिष्या मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

"नाही," लोक म्हणाले.

"ही खालची बॉबिन. हिच्यावर दोरा दिसतोय कुणाला?"

"नाही."

"मग कापड शिवणार कशानं?"

सुईमातांनीच सांगितलं, "श्रद्धेनं. यंत्र लोखंडाचं, सुई पोलादाची, पण टाका भावनेचा. मोठमोठे शास्त्रज्ञ येऊन बसले आणि डोकं धरून परत गेले."

"कुठले शास्त्रज्ञ?" बाईंनी विचारलं.

"परदेशी," सुईमाता म्हणाल्या आणि पडदे ओढून दिवा घालवायला सांगितला. श्रद्धेला मंद प्रकाश मानवतो म्हणे.

मशीन खडखडलं. दोन तुकडे जोडले गेले. लोकांनी ओढून पाहिले, सुटेनात. कुणीतरी हुंदका दिला. अशाच तुकड्यांची एक तयार गोधडी बाईंच्या अंगावर घालण्यात आली आणि पथ्यं सांगण्यात आली. गोधडीला इस्त्री करायची नाही. उन्हात न्यायची नाही. आणि डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे नाहीत, कारण औषध आणि श्रद्धा एका डोळ्यात नांदत नाहीत.

थेंब रोज बाईंचा मुलगा घालायचा. त्यानं बाटली उचलली आणि ऑफिसच्या कपाटात नेऊन ठेवली. मुलगा वाईट नव्हता, खरी अडचण तीच होती. डॉक्टर म्हणायचे, गेलेली नजर परत येणार नाही, थेंबांनी आहे ती राखू. सुईमाता म्हणाल्या, गेलेली परत देते. आईवर जीव असलेला माणूस दोघांपैकी कुणाचं ऐकणार?

काही आठवडे गेले. बाईंचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटू लागला. पूर्वी ती चौकट त्यांना दिसत असे. त्यांनी थेंब मागितले की मुलगा म्हणायचा, "आई, अजून थोडी कळ काढ. मध्येच सोडलं तर सगळं फुकट जाईल."

एका दुपारी बाई गोधडी हनुवटीपर्यंत ओढून पडल्या होत्या. हनुवटीला काहीतरी टोचलं. चाचपून पाहिलं तर केसासारखं ताठ टोक. त्यांनी ते ओढलं. ते येत राहिलं, येत राहिलं आणि गोधडी तिथं आकसली. केस ओढून गोधडी आकसत नाही, एवढं समजायला डोळे लागत नाहीत.

त्यांनी सुनेला हाक मारली. "अगं, त्या दिवशी त्यांनी सुई कशी ओवली?"

"ओवणार काय, आई? दोरा होताच कुठं? नुसतं चिमटीत धरल्यासारखं केलं, जिभेला लावलं आणि नेढ्यातून ओढून घेतलं."

"जिभेला काय लावलं?"

"टोक," सून म्हणाली.

"श्रद्धेला थुंकी लावावी लागते का गं?"

सुनेनं तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरलं नाही. संध्याकाळी दोघींनी मुलाला तो दोरा दाखवला. त्यानं तो चिमटीत घेतला, उजेडात धरला, मग कपाळाला लावला. "आई, श्रद्धा साकार झाली," तो म्हणाला. सुतावरून स्वर्ग गाठतात असं आपण नुसतं म्हणतो, बाईंच्या मुलानं नायलॉनवरून गाठला.

बाई त्याच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी सुईमातांना पुन्हा बोलावलं. पुन्हा गर्दी, पुन्हा पडदे, पुन्हा परदेशी शास्त्रज्ञ.

"माताजी, मला दिसत नाही," बाई म्हणाल्या. "निदान मशीनवर हात ठेवू द्या. चमत्कार हाताला तरी कळू दे."

आंधळ्या म्हातारीच्या हाताला काय भ्यायचं? सुईमातांनी मोठ्या मनानं परवानगी दिली. बाईंनी मशीनमागे तळहात धरला. मशीन सुरू झालं. प्रत्येक टाक्याबरोबर काहीतरी बारीक, ताठ, त्यांच्या तळहातावरून हिसके देत पुढं सरकत होतं. बाईंनी मूठ मिटली. तट् असा आवाज झाला. सुईमातांचा पाय चालूच राहिला.

"आता ओढून बघ," बाई मुलाला म्हणाल्या.

मुलानं ओढलं. तो आवाज झाल्यानंतर शिवलेले दोन तुकडे त्याच्या दोन हातांत आले.

सुनेनं दिवा लावला, पडदे सारले. बाईंच्या मुठीतून एक चमकती रेघ निघून शिष्येच्या मांडीवरच्या पिशवीत गेली होती. पिशवीत पारदर्शक दोऱ्याचा मोठा शंकू होता.

"हा नायलॉनचा दोरा," बाई वर्गात बोलावं तशा म्हणाल्या. "गोधडीवर टाके दिसू नयेत म्हणून वापरतात. दुकानात मिळतो. सुईत हाच, बॉबिनमध्येही हाच. इस्त्री नको, कारण तो वितळतो. ऊन नको, कारण तो चमकतो. कुणी दिवा घालवून चमत्कार दाखवत असेल तर आधी दिवा लावा. हात लावू नका म्हणाले तर लावून बघा. आणि तुमच्या घरी कुणाचं औषध बंद केलं असेल, तर इथं बसू नका. आत्ता जा आणि सुरू करा."

"श्रद्धाहीन घरात धागा दिसू लागतो," सुईमाता म्हणाल्या आणि निघाल्या. जिन्यात दोघांनी तरीही त्यांच्या पाया पडून घेतलं. पण मागच्या रांगेतली एक बाई चपला हातात घेऊनच घराकडे पळाली. तिच्या नवऱ्याची साखरेची गोळी बंद होती.

दुसऱ्या दिवशी मुलगा बाईंना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, डावीकडच्या नजरेची आणखी एक पट्टी गेली, ती आता परत येणार नाही. घरी येऊन मुलानं बाटली उघडली. तो डावीकडून वाकला, बाई दचकल्या आणि पहिला थेंब गालावर पडला.

"आई, मी..."

"तू जास्त देते म्हणणारीचं ऐकलंस. माझ्यासाठीच ऐकलंस, ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "पण यापुढं डावीकडून येऊ नकोस. तू मला दिसत नाहीस. समोरून ये."

तो उठला, खुर्चीला वळसा घालून समोर आला आणि त्यानं दुसरा थेंब घातला.