दिवेलागणीपर्यंत

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या भागात दोनच पिकं जोमात आली : खडी आणि चोर. खडीचं श्रेय सरकारनं घेतलं. चोरांचं घ्यायला कुणी पुढं येईना.

देवळाली प्रवऱ्याच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला आप्पासाहेबांची वस्ती. कालव्याचं पाणी आटत चाललं होतं, पण ऊस जगेल एवढं होतं, आणि ऊस जगला की आप्पासाहेब जगत. पलीकडच्या माळावर सरकारी काम चालू होतं. तिथं पाथर्डीकडून आलेली माणसं दिवसभर दगड फोडत आणि संध्याकाळी आप्पासाहेबांच्या चुलीचा धूर बघत बसत. धूर बघणं हा गुन्हा नाही. तरी आप्पासाहेबांना ते आवडत नसे.

त्यांनी बंदोबस्त केला. खिडक्यांना गज बसवले. आवाराच्या भिंतीवर फुटक्या बाटल्यांच्या काचा लावल्या. दाराला आतून बाभळीचा अडसर केला, तोही असा की उचलणारा माणूस घरचा आणि जेवलेलाच पाहिजे. एक कुत्रं आणलं, आणि रात्री त्यानं नीट जागावं म्हणून त्याला दिवसा झोपायची सवय लावली.

राहिला कायदा. तो राधाकृष्ण कारकुनांनी पुरवला. त्यांनी तालुक्याच्या गावी एका फौजदारी वकिलाकडे उभा जन्म कारकुनी केली होती. वकील वारले, कारकून उरले, आणि दोघांत कायदा जास्त कुणाला येत होता हे सांगायलाही तेच उरले. पोलीस पाटलाच्या आग्रहावरून त्यांनी मारुतीच्या देवळात घराच्या रक्षणावर व्याख्यान दिलं.

“चोर दिवसा आला,” कारकून म्हणाले, “तर धरा, बांधा, दोन ठेवून द्या. पण मरू देऊ नका. मेला तर तुम्ही आत. मात्र सूर्यास्तानंतर घर फोडून आत शिरला आणि तुमच्या हातून मेला, तर कलम एकशे तीन. कायदा तुमच्या पाठीशी.”

“आन् नुसता लंगडा झाला तर?” कुणीतरी विचारलं.

“तर तुमचा नेम चुकला.”

सगळं देऊळ हसलं. यानंतर ते नव्व्याण्णवाव्या कलमाकडे वळणार होते. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलीस बोलवायला सवड असेल तर स्वतः हात उचलता येत नाही, असं ते कलम आहे. पण तेवढ्यात चहा आला.

वैशाखात आप्पासाहेबांकडे चोर आला, तो भर दुपारी. सगळा बंदोबस्त रात्रीचा. दुपारी उकडतं म्हणून दार सताड उघडं, अडसर भिंतीला टेकवलेला, कुत्रं गव्हाणीत पसरलेलं. गहिनीनाथ नावाचा खडी फोडणारा एक माणूस समोरच्या दारानं आत आला, स्वयंपाकघरातून ज्वारीच्या पिठाचा डबा उचलला आणि समोरच्याच दारानं बाहेर पडला. पाहुणेसुद्धा इतक्या सरळ येत-जात नाहीत.

ओसरीवर झोपलेले आप्पासाहेब डब्याच्या झाकणाच्या आवाजानं जागे झाले. हाताशी अडसर होता. गहिनीनाथ पायऱ्या उतरून अंगणात पोचला, तेव्हा तो त्याच्या डोक्यात मागून बसला. डबा गडगडला. माणूस पिठात पडला आणि डोक्याखालचं पीठ लाल होऊ लागलं.

मुक्ताबाई बाहेर आल्या. “अगं बया, समदं पीठ गेलं की!” आणि मग नवऱ्याकडे बघून, “मेला का?”

आप्पासाहेबांनी सालगड्याला, सहादेवला, सायकलवर कारकुनांकडे पिटाळलं.

कारकून छत्री घेऊन आले. त्यांनी आधी सूर्याकडे बघितलं, मग माणसाकडे. नाकाशी हात धरला. श्वास चालू होता.

“आप्पासाहेब, दिवसा मारलंत. दार उघडं असताना मारलंत. घराबाहेर मारलंत. आणि पाठमोरा असताना मारलंत. अहो, व्याख्यानाला पुढंच बसला होता ना?”

“बसलो हुतो. पन झोपंतनं उठल्याव मानसाला कलम आठवतं व्हय?”

“हा आत्ता मेला तर सदोष मनुष्यवध. जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतं.”

“आन् रातच्याला मेला तर?”

“घर फोडून आत आलेला असेल तर सत्कार.”

गहिनीनाथ कण्हला. मुक्ताबाईंना हिशोब सगळ्यात आधी लागला.

“म्हंजी दिवस मावळंस्तवर ह्येला जगवायचा.”

“हेच मी म्हणतोय, वहिनी.”

“डाक्टर आनू का?” सहादेवनं विचारलं.

“डॉक्टर वेळ लिहून ठेवतो,” कारकून म्हणाले.

तेव्हा घरचेच उपाय सुरू झाले. गहिनीनाथला माजघरातल्या पलंगावर आडवा केला. मुक्ताबाईंनी जखमेत हळद भरली, जुन्या लुगड्याची पट्टी बांधली, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. आप्पासाहेब उशाशी बसून पंख्यानं वारा घालू लागले. बापाच्या शेवटच्या दुखण्यात त्यांना एवढं जमलं नव्हतं, पण बाप किती वाजता गेला हे कोर्ट विचारणार नव्हतं.

वैशाखातला दिवस. तो काही केल्या कलेना. आप्पासाहेब दर थोड्या वेळानं एकदा आजाऱ्याची छाती बघत, एकदा दारातली सावली. दोन्ही सावकाश हलत होत्या.

बऱ्याच वेळानं गहिनीनाथनं डोळे उघडले. अंगाखाली गादी, तोंडावर वारा, आणि वारा घालायला बागाईतदार.

“मालक,” तो म्हणाला, “म्या मेलो का?”

“अजून नाही,” कारकून म्हणाले.

त्याला उठवून टेकवलं. साखर घातलेलं दूध दिलं, मग तूप लावलेली भाकरी कुस्करून दिली. तो खाता खाता रडायला लागला.

“चुकलं, मालक. त्यो रेशनचा इलायती लाल मिलो खाऊन बायकूच्या पोटात काय ठरंना. छबू म्हनली, येकदा ज्वारीची भाकर पायजे. म्हनून आलो. तुमी मला पोलिसात न्हाई दिलं, वर दूद पाजताय. देवमानूस हाय तुमी.”

“झालं ते झालं,” आप्पासाहेब म्हणाले. “दूध सांडू नको.”

“मी जाऊ का आता? छबू वाट बघत आसंल.”

“उन्हाचं कुठं जातो? दिवस मावळू दे.”

गहिनीनाथनं हात जोडले. इतक्या काळजीनं त्याला आजवर कुणी थांबवून घेतलं नव्हतं.

मागच्या पडवीत वेगळाच पेच पडला होता. घर फोडायचं म्हणजे भिंतीला भोक पाहिजे. कारकुनांना स्वयंपाकघराची भिंत पसंत होती. आप्पासाहेबांनी ती दिवाळीतच रंगवली होती.

“तिला हात लावायचा न्हाई. ह्या रंगाला किती मागं लागलो हुतो ठावं हाय का तुमाला?”

“मग जन्मठेप भोगा रंगीत भिंतीसाठी.”

शेवटी कोठीच्या खोलीवर समेट झाला. तिची मागची भिंत मातीची होती आणि पावसाळ्याआधी पाडायचीच होती. सहादेव पहार घेऊन बाहेरून लागला.

“काय काम काढलंय, मालक?” पलंगावरून गहिनीनाथनं विचारलं.

“खिडकी पाडतोय.”

तो कान देऊन ऐकत राहिला. “त्यो मधीच घाव घालतोय. खालनं पहार लावा म्हनावं, आपोआप सुटंल. मी येऊ का हात लावाय?”

“तू पड,” आप्पासाहेब ओरडले. “तुला काय झालं तर आमी काय करायचं?”

सावल्या अंगणभर लांबल्या, तोवर गहिनीनाथ भिंतीला न टेकता बसू लागला होता. मुक्ताबाईंशी गावाकडच्या गोष्टी बोलत होता. आप्पासाहेबांच्या छातीवरचा धोंडा उतरला. ते कारकुनांना पडवीत घेऊन गेले.

“कारकून, ह्यो बरा झाला की वो. पायलीभर पीठ देऊ आन् लावून देऊ. मिटलं.”

“आणि उद्या डोकं ठणकलं, दवाखान्यात गेला, तिथं विचारलं की हे कुणी केलं?”

“न्हाई सांगायचा. देवमानूस म्हनतोय मला.”

“कोर्टात शपथ घेतली की माणसाचा देव बदलतो. मी वकिलांच्या सबंध हयातीत पाहिलंय. मेला असता तर निदान मुकाट्यानं मेला असता. जिवंत आहे, म्हणजे साक्षीदार आहे. ऊन डोक्यावर होतं, दार उघडं होतं, मी पाठमोरा होतो, सगळं सांगेल. आणि वर ही भिंत. हिच्यासाठी खोटा पुरावा तयार केल्याचं वेगळं कलम.”

आप्पासाहेबांनी भिंतीकडे बघितलं. भोक चांगलं माणूस जाईल एवढं झालं होतं.

“म्हंजी भित पाडली म्हनून...”

“भिंत पाडली म्हणून नाही. पण पाडलीच आहे.”

आप्पासाहेब खाली बसले. ते वाईट नव्हते. दुपारभर त्यांनी त्या माणसाला वारा घातला होता, आणि ज्याला वारा घातला त्याची थोडी माया लागतेच. पण दूधही त्यांचंच होतं, तूपही त्यांचंच होतं, भिंतही त्यांचीच होती, आणि जन्मठेप झाली असती तर तीही त्यांचीच असती.

मुक्ताबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“आत्ता न्हाई,” त्या म्हणाल्या. “दिवा लावायची येळ हाय. लक्षुमी घरात यायच्या वख्ताला रगात नको.”

कारकुनांनी सूर्यास्ताची वेळ बघायला काढलेलं पंचांग मिटलं. “दिवा लावून घ्या, वहिनी. सूर्य मावळला. आता कायद्याला घाई नाही.”

मुक्ताबाईंनी तुळशीपाशी दिवा लावला, मग देवापाशी लावला. सगळ्यांनी हात जोडले. गहिनीनाथनंही जोडले, आणि दिव्याला हात जोडून झाल्यावर मुक्ताबाईंच्या पाया पडला. त्यांनी त्याच्या डोक्याची पट्टी सोडून घेतली, कारण चोर घरून पट्टी बांधून येत नाही हे कारकुनांनी बजावलं होतं. “वारं लागू दे जरा,” त्या म्हणाल्या. मग फडक्यात ज्वारीचं पीठ बांधलं. न सांगता त्यात गुळाचा खडाही टाकला.

ते गाठोडं कारकुनांनी त्यांच्या हातातून घेतलं, कोठीच्या खोलीत भोकासमोर ठेवलं, आणि आप्पासाहेबांना आत घालून दाराला बाहेरून कुलूप लावलं.

“तुझं गाठोडं कोठीत ठेवलंय,” ते गहिनीनाथला म्हणाले. “मागं भोक आहे. आत शिर आणि घे.”

“दारानं जातो की.”

“दाराला कुलूप आहे. किल्ली मालकांकडं, आणि मालक देवळात.”

गहिनीनाथला हसू आलं. “दुपारी दारानं आलो तर टकुरं फुटलं. आता भोकातनं. मोठ्या लोकांच्या घराची रीतच न्यारी.”

सहादेवनं त्याला दंडाला धरून घरामागं नेलं. गहिनीनाथनं वाकून भोकाची कड चाचपली, आणि कामगाराच्या सवयीनं म्हणाला, “सांगितलं तसं खालनं पाडलं असतं तर गुळगुळीत झालं असतं.”

“डोकं आदी घाल,” सहादेव म्हणाला. तो दुसरीकडे बघत होता.

आत आप्पासाहेब अडसर धरून उभे होते. भोकातून डोकं आलं, मग खांदे आले. एक हात जमिनीवरून गाठोडं शोधत पुढं पुढं सरकला. त्याला गाठोडं सापडलं, वरून त्यानं ते दाबून बघितलं. “गूळबी दिसतोय,” तो पुटपुटला. “लई माया केली.” मग तो हात आप्पासाहेबांच्या पायाला लागला.

“कोन हाय?”

आप्पासाहेबांचे हात वर गेले होते, ते खाली येईनात. अडसर जड होता. दुपारी तो इतका जड लागला नव्हता.

“कोन? मालक?”

बाहेरून कारकून मोठ्यानं ओरडले, “चोर! चोर! धरा!” साक्षीपुराव्यासाठी असं ओरडावंच लागतं. पण तो शब्द कानावर पडला आणि आप्पासाहेबांना सोपं गेलं.

सकाळी फौजदार आले. त्यांनी भोक मोजलं, अडसर जप्त केला, प्रेत तपासणीला पाठवलं. डॉक्टरांनी लिहिलं की डोक्यावर दोन घाव, पैकी एकात हळद. कारकुनांनी कोठीतलं हळदीचं पोतं दाखवलं. डॉक्टरांनी असंही लिहिलं की पोटात दूध, तूप आणि भाकरी. ते वाचून फौजदारांचा सगळा संशय फिटला.

“बघा,” ते आप्पासाहेबांना म्हणाले, “दूधतूप खाऊन चोरीला निघतात. आणि पेपरवाले लिहितात भूकबळी.”

आप्पासाहेबांचे खांदे दुखत होते, आणि लोकांनी भेटायला येऊन येऊन घर भरून गेलं होतं.

प्रेत ताब्यात घ्यायला छबूबाई ठाण्यात आली. कारकून जबाबावर सही करायला आलेले होते, ते बाकावर सुपारी कातरत बसले होते. फौजदार मनानं मऊ होते. त्यांनी तिला खाली बसायला सांगितलं आणि हकीगत वाचून दाखवली : मयत इसम सूर्यास्तानंतर अंधाराचा फायदा घेऊन, भिंत फोडून आत शिरला.

छबूबाईनं मान वर केली.

“अंधारात?”

“हो.”

“पन सायेब, त्येला दिवस मावळल्याव दिसत न्हाई. दुष्काळ पडल्यापासनं. सांजच्याला म्याच हाताला धरून न्यायची, परसाकडलासुदिक. खडीवरल्या कुनालाबी इचारा.”

अडकित्ता थांबला. फौजदारांचा टाकही थांबला. त्यांनी छबूबाईकडे बघितलं, मग कागदाकडे. कागद सुवाच्य अक्षरात पुरा झालेला होता.

“म्हणूनच सापडला, बाई,” फौजदार म्हणाले, आणि अंगठ्यासाठी शाईचा डबा तिच्यापुढं सरकवला.