कवळीच्या पाण्यात पडलेली चोच

मी चोच बोलतेय. पक्ष्याची नव्हे, सॅक्सोफोनची. वाजवणारा ज्या टोकाला तोंड लावतो, ते टोक म्हणजे मी. दुकानात मला माउथपीस म्हणतात, पण माझे मालक रुपराव यांनी पहिल्याच दिवशी ‘चोच’ म्हटलं आणि मला ते आवडलं.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. रबरात गंधक घालून ते तापवतात, मग ते शिसवीसारखं काळं आणि कडक होतं. त्यातून मला कातून काढलं. माझी एक बाजू सपाट आहे. तिच्यावर बोरूच्या जातीची पातळ पत्ती बांधतात. पत्ती आणि माझं टोक यांच्यात केसाएवढी फट राहते, आणि सगळा आवाज त्या फटीत असतो. ती बिघडली की एवढा मोठा पितळी सॅक्सोफोन नुसता शोभेचा.

नागपुरात मला रेल्वेतल्या एका गोऱ्या ड्रायव्हरने आणलं. तो नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा. देश सोडताना त्याने वाद्यासकट मला विकलं आणि फिरत फिरत मी रुपरावांकडे आले. रुपराव तेव्हा लग्नाच्या बँडमध्ये होते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, मागे जनरेटरची गाडी. वरातीतली माणसं मोठी गमतीची. गाणं त्यांना हवं असतं, पण वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. मी मात्र त्या तोंडात आयुष्य काढलं. रुपरावांच्या वरच्या दोन दातांचे खड्डे अजून माझ्या पाठीवर आहेत.

बँड सुटला तरी रुपराव मला विसरले नाहीत. रोज संध्याकाळी त्यांच्या पत्नी वच्छलाबाई भाकऱ्या थापायला बसल्या की ते दारापुढच्या ओट्यावर बसून वाजवायचे. तो आवाज खोल होता, किंचित घोगरा. अगदी खरं सांगायचं तर, त्यात माझा वाटा त्यांच्यापेक्षा जास्त होता.

मग रुपरावांचे दात गेले आणि कवळी आली. नव्या दातांनी मला धरायला ते शिकतच होते, तेवढ्यात घात झाला. वच्छलाबाई स्वच्छतेच्या पक्क्या. एका सकाळी त्यांनी कवळी धुवायला काढली, शेजारी मी दिसले, आणि त्यांनी आम्हा दोघींवर उकळतं पाणी ओतलं.

मी हिरवट पडले. अंगातल्या गंधकाचा सडक्या अंड्यासारखा वास सुटला. कवळी वाकली आणि मीही.

"काहून ओतलं वं तू गरम पानी?" रुपराव म्हणाले.

"किती वर्साची थुकी असन त्याच्यात! म्हटलं, कवळी धुऊनच राहिली, तर हेबी धुऊन टाकाव."

रुपरावांनी फुंकून पाहिलं. नुसती हवा गेली. त्यांनी सॅक्सोफोन खुंटीला अडकवला आणि पुढे एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर वच्छलाबाईंना सोपं गेलं असतं. कवळी नवी आली, जेवण सुरू झालं, पण संध्याकाळी ओटा रिकामाच. भाकरी थापताना वच्छलाबाईंचा हात मधेच थांबायचा. शेवटी त्यांनीच दुरुस्त करणाऱ्याची चौकशी केली, मला स्टीलच्या डब्यात घातलं आणि रुपरावांना जवळजवळ ओढतच मनीषनगरला नेलं.

तिथे वेदिका राहते. ती इंजिनिअर आहे, स्वतः सॅक्सोफोन वाजवते आणि जेवणाच्या टेबलावर माझ्यासारख्यांना दुरुस्त करते. तिने मला जाड काचेवर ठेवलं आणि कागदाहून पातळ पोलादी पानं माझ्याखाली सरकवून पाहिली. एका कडेला पान आत गेलं, दुसऱ्या कडेला अडलं.

"काका, दुरुस्त होईल," ती म्हणाली. "पण आधी ऐका. हा पीस जुना आहे, नावाजलेला आहे. असे पीस जमवणारे लोक आहेत. त्यांना वाजवायचं नसते, कपाटात ठेवायचं असते. म्हणून वाकडा चालते, हिरवा चालते, पण घासलेला चालत नाही. मी हात लावला का किंमत गेली समजा. असाच विकला तर त्या पैशात नवाकोरा येईल, वर घरात फ्रीजपण येईल."

"आवाज तसाच येईन का पन, घासल्यावर?" रुपरावांनी विचारलं.

"आवाज येईल. तोच येईल असं नाही सांगत."

माझा जीव टांगणीला लागला. कपाटात जाणं म्हणजे मानाने मरणं, इतकं मला कळत होतं.

वच्छलाबाईंनी डबा बाजूला सरकवला. "फ्रीज काय संध्याकाळी गानं म्हनन? घास वं पोरी तू."

वेदिकाने काचेवर बारीक सँडपेपर चिकटवला आणि मला त्यावर सावकाश फिरवलं. दोन फेऱ्या, की पान सरकवून बघायचं. मला वेदना होत नाहीत, अपमान मात्र होतो. ती दातांचे खड्डे भरायला निघाली तेव्हा रुपराव पटकन म्हणाले, "ते राहू दे. दात गेले, निशानी तरी राहो."

दुसऱ्या संध्याकाळी ते ओट्यावर बसले. पत्ती बांधली, फुंकर घातली आणि मी वाजले. सूर स्वच्छ होता, कुठेही हवा गळत नव्हती. पण तो खोलपणा गेला होता, घोगरेपणही गेलं होतं. हा आवाज कुणा दुसऱ्याचा होता. मला ते पहिल्याच सुरात कळलं आणि रुपरावांचे ओठ क्षणभर थांबले, म्हणजे त्यांनाही.

वच्छलाबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या. "तोच हाय ना जी आवाज?"

रुपरावांनी मला रुमालाने पुसलं. "तोच हाय वं. काहून, तुले येगळा वाटला का?"

"नाही जी. तोच वाटला."

जन्मभर रोज ऐकलेला आवाज त्या बाईला ओळखू येणार नाही, असं कसं होईल? दोघंही खोटं बोलले. त्या आत गेल्या, भाकरीची थापथाप पुन्हा सुरू झाली, आणि रुपरावांनी दुसरं गाणं धरलं.

आता मी रोज वाजते. बाजारात माझी किंमत फारशी नाही, रंगही परत आलेला नाही. तुम्हाला एवढंच सांगणं: आमच्यासारख्यांना थंड पाणी पुरतं, उकळतं घालू नका. आणि घरातल्या कुणी मायेपोटी घातलंच, मग भीत भीत विचारलं, तर काय सांगायचं ते तुम्ही आत्ताच ऐकलंत.