तळघरातले सतरा अंश

ग्रंथालयाच्या तळघरात आमचा भूकंपमापक आहे. पातेल्याएवढा, पोलादी, झाकणावर उत्तर दिशेला लावायचा बाण कोरलेला. दूरच्या भूकंपाची लाट पृथ्वीच्या पोटातून वर येते तेव्हा वाटेतल्या खडकातले स्फटिक एकाच दिशेला कललेले असतील, तर ती दुभंगते: एक भाग पुढे निघतो, दुसरा सेकंदभर रेंगाळतो. पुढे निघालेल्या भागाची दिशा मोजली की खाली शे-दोनशे किलोमीटरवर खडकाचा कल कुठे आहे ते कळतं.

माझ्याकडे वीस भूकंप होते. अकरांवरून हा कल उत्तरेपासून अठ्ठेचाळीस अंश यायचा, नवांवरून एकतीस. प्रत्येक मापात चूक अधिक-उणे चार अंशांची, म्हणजे दोन्ही उत्तरं एकमेकांना शिवतही नव्हती. त्यावरून मी लिहिलं होतं की खाली वेगवेगळ्या दिशांचे दोन थर आहेत. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण यावरच उभं होतं आणि सोमवारी ते सरांना द्यायचं होतं.

"दोन थर असतील तर लाट कुठल्या बाजूने येते त्यावर उत्तर बदलेल," सर म्हणाले होते. "तुझं बदलतंय?"

बदलत नव्हतं. एकाच बाजूने आलेले दोन भूकंप दोन वेगळी उत्तरं देत होते. मनात पाल चुकचुकली आणि शुक्रवारी दुपारी मी यंत्रच बघायला गेले.

ग्रंथालयाची साफसफाई बघणाऱ्या मावशींनी कुलूप काढलं. यंत्र भिंतीला अगदी समांतर होतं. मी बघतच राहिले. ही इमारत उत्तरेला धरून बांधलेली नाही. चार वर्षांपूर्वी यंत्र बसवलं तेव्हा बाण उत्तरेकडे, म्हणजे भिंतीपासून सतरा अंश तिरपा होता. नोंदवहीत तो आकडा मीच लिहिला होता.

"मावशी, हे कोणी हलवलं?"

"हलवलं काय म्हणतेस? नीट ठेवलं! रंगकामाला उचलावं लागलं, वीज पण बंद होती. किती वाकडं बसवलं होतं ते, रोज डोळ्याला खुपायचं. एवढी शिकलेली माणसं, एक डबा सरळ ठेवता येईना."

"आणि पातळी दाखवणारा हा बुडबुडा?"

"मधोमध आणला की. आमचे हे गवंडी होते, तेवढं कळतं मला."

खरंच मधोमध होता. मला हसू आलं. "रंगकाम कधी झालं?"

"नात झाली त्याच आठवड्यात. परवा दोन वर्षांची झाली." मग त्यांचा आवाज उतरला. "माझ्यामुळे काही बिघडलं का गं?"

"थांबा, बघते."

वर वाचनकक्षात मी लॅपटॉप उघडला. भूकंपाची पहिली लाट कुठून आली हे यंत्र सांगतं आणि भूकंप कुठे झाला हे आपल्याला ठाऊक असतं. ही पडताळणी आम्ही बसवल्यावर एकदा केली, मग कधीच नाही. त्या आठवड्यापर्यंत दोन्ही जुळत होतं. पुढे प्रत्येक वेळी सतरा अंशांचा फरक. नंतरच्या सगळ्या मापांत मी सतरा मिळवले. एकोणीस भूकंप अठ्ठेचाळीसच्या आसपास येऊन बसले.

मी सरांना फोन लावला. "दुसऱ्या थरावर पाणी सोडावं लागेल, सर. दिशा एकच आहे. अठ्ठेचाळीस, अधिक-उणे पाच."

"चारचे पाच कसे झाले?"

"भिंतीचा कोन मी कोनमापकाने मोजला होता. त्यातली दोन अंशांची चूक धरली."

"हं. एकोणीस म्हणालीस. विसावा?"

"पासष्टवर गेला. तोही रंगकामानंतरचाच, पण आधी अठ्ठेचाळीसमध्ये बसत होता."

"मोडीत काढणार?"

"लाट स्वच्छ आहे, सर. आणि त्या बाजूने आलेला तो एकटाच भूकंप आहे."

"मग सोमवारी काय देतेस?"

"एका थराचं प्रकरण. विसावा ठिपका आलेखावर ठेवून, त्याचा अर्थ अजून कळलेला नाही असं लिहून."

मावशी वर येऊन वाचनकक्षाच्या दाराशी उभ्या होत्या. "परत वाकडं करून ठेवू का?"

"नको," मी म्हणाले, "आता मुळीच हात लावू नका. त्या बाजूने अजून एक भूकंप येऊ दे."