दोरीपलीकडचे डोळे

मित्रांनो, मी एक फोटो आहे, आणि जुना आहे हे आधीच मान्य करून टाकतो. जुना म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पिवळा पडलेला, कोपरे दुमडलेला कागद येईल. तसला मी नव्हे. माझा जन्म कॅमेऱ्यातला आणि मुक्काम कॉम्प्युटरातला, त्यामुळे मला सुरकुती नाही. मी एकाच वेळी पुष्कळ ठिकाणी असतो, आणि जिथे जिथे मला छापून लावलं आहे तिथून तिथून मला दिसतं. घाबरू नका. सुरुवातीला मलाही ते बरं वाटलं नव्हतं.

मला काढलं ते एका चष्मेवाल्यांनी. आठवडाभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे आणि सुट्टी आली की गळ्यात कॅमेरा अडकवून मैदान गाठायचं, हा त्यांचा नेम. तिथे कारखान्यांतले, कॉलेजातले, आजूबाजूच्या गल्ल्यांतले हौशी लोक धावायचे, खेळायचे, धडपडायचे. चष्मेवाले त्यांचे फोटो काढून एका वेबसाइटवर ठेवायचे. ज्याला जाहिरातीसाठी फोटो हवा असतो तो तिथून विकत घेतो. कुणी घेतला, कशासाठी घेतला, हे काढणाऱ्याला बहुतेक वेळा कळतही नाही. त्यांच्या बायकोला हा उद्योग पसंत नव्हता. "लोकांची पोरं घाम गाळतात आणि तुम्ही ती बाजारात मांडता," असं ती चष्म्यांच्या काचा पुसता पुसता ऐकवायची.

माझ्यात एक मुलगी धावत शेवटच्या रेघेवर पोचली आहे. दात आवळलेले, केस सुटलेले, कपाळ घामाने चकाकणारं. शर्यत ती जिंकली होती, आणि स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण मी फार देखणा उतरलो होतो. तिच्या मागे मैदानाच्या कडेने दोरी बांधली होती. दोरीपलीकडे बघ्यांमध्ये एक दुसरी मुलगी उभी होती. आकाशी सदरा, हातात पाण्याची बाटली, एका बुटाची नाडी सुटलेली. तिच्या डाव्या भुवईत मधोमध एक खाच होती, तिथे केस उगवलेलेच नव्हते. सगळे लोक धावणारीकडे बघत होते. ही एकटीच सरळ कॅमेऱ्यात बघत होती.

वेबसाइटवाले मोठे चोखंदळ. धावणारीच्या छातीवरचा क्रमांक चालणार नाही म्हणाले. चष्मेवाल्यांनी तो पुसला. मग शर्टावरचं मंडळाचं चिन्ह नको झालं, मग बुटांवरचं कंपनीचं नाव. तेही गेलं. शेवटी म्हणाले, चेहरा ओळखू येतो, या मुलीची लेखी परवानगी पाठवा. आता ती कोण, कुठली, कुणाला ठाऊक? ती आली, धावली, बक्षीस घेऊन निघून गेली. मग चष्मेवाल्यांनी शक्कल लढवली. धावणारीचे डोळे आणि भुवया काढून टाकल्या आणि दोरीपलीकडच्या मुलीचे डोळे, भुवया उचलून तिथे बसवल्या. हनुवटी जरा ओढली, गालावरचा तीळ उडवला. मग माझ्या कडा कापल्या. दोरी गेली, दोरीपलीकडची माणसं गेली.

"आता ही कुणीच नाही," ते हात झटकत म्हणाले. "जी नाहीच, तिची परवानगी कशाला लागते?"

त्या दिवसापासून मला चैन म्हणून नाही. अंग एकीचं आणि डोळे दुसरीचे. पाय पुढे धावायचे आणि डोळे जागच्या जागी थांबून बघत राहायचे, समोरच्याची ओळख पटल्यासारखे.

पण मी खपलो, आणि कसा खपलो म्हणता. गुडघेदुखीच्या मलमावर मी, बँकेच्या भिंतीवर मी, दवाखान्याच्या बोळात मी. एका गादीच्या जाहिरातीतही मी आहे. गादीवर झोपायचं सोडून मी का धावतोय, हे मला आजतागायत कळलेलं नाही. लोक म्हणायचे, काय जिवंत फोटो आहे. आणि मग हळूच जागा बदलून बसायचे. बँकेतल्या एका कारकुनाने आपलं टेबल फिरवून घेतलं, पाठीवर नजर जाणवते म्हणाला. दवाखान्यात एक लहान मूल आईच्या मागे दडलं. "ती मला काहीतरी विचारतेय," म्हणालं. "काय विचारतेय?" असं आईने विचारलं तर ते रडायलाच लागलं.

मलमाच्या कंपनीने मला माणसाच्या उंचीच्या पुठ्ठ्यावर छापलं होतं. तसा एक पुठ्ठा फिरत फिरत चष्मेवाल्यांच्याच गावात, एका औषधांच्या दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. तिथे एकदा ती धावणारी मुलगी पट्टी घ्यायला आली. माझ्या बुटांकडे तिने जरा वेळ पाहिलं, मग गुडघ्यांकडे. मग चेहऱ्याकडे बघून तिने मान हलवली आणि निघून गेली. तिने स्वतःला ओळखलं नाही. मला फार वाईट वाटलं.

त्याच दुकानात पडदे शिवणाऱ्या एक बाई यायच्या. एका संध्याकाळी त्या माझ्यासमोर थांबल्या, आणि थांबल्याच. हातातली पिशवी खाली पडली तरी त्यांना कळलं नाही. पुढे होऊन त्यांनी माझ्या भुवईतल्या खाचेवर बोट ठेवलं.

"मावशी, काय होतंय? बसा आधी," औषधवाला म्हणाला.

"ही माझी मुलगी आहे."

त्यांची मुलगी लहान असताना गर्दीत हात सुटून हरवली होती. पोलीस झाले, पेपर झाले, माग लागला नाही. "ही खूण माझ्यामुळेच आहे," बाई म्हणाल्या. "कामात लुडबुड करते म्हणून ढकललं होतं मी, ती शिलाई मशीनच्या कोपऱ्यावर आपटली. तिच्यापेक्षा मीच जास्त रडले होते. एवढी मोठी झाली बघा."

औषधवाल्याने वाकून, चष्मा वरखाली करत, माझ्या पायाशी बारीक अक्षरांत छापलेलं फोटो काढणाऱ्याचं नाव वाचलं. "अहो, हे तर आपले चष्मेवाले. हा डोळ्यांवरचा चष्मा त्यांचाच आहे."

बाई तशाच चष्म्यांच्या दुकानात गेल्या. चष्मेवाल्यांनी कॉम्प्युटरवर मला उघडलं, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"ती कुठे राहते एवढंच सांगा," बाई म्हणाल्या. "मी त्रास देणार नाही. लांबून बघेन."

चष्मेवाल्यांचा चेहरा उतरला. "बाई, ती कुणीच नाही हो. मी बनवलेली आहे."

"काहीतरीच काय सांगता," त्यांची बायको म्हणाली. "तुम्हाला साधी रेघ सरळ ओढता येत नाही. भुवई कुठून आणलीत ते सांगा."

तेव्हा त्यांना आठवलं. दोरी, दोरीमागची गर्दी, त्यात उभी असलेली एक मुलगी. अडखळत अडखळत त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"म्हणजे आहे ती. याच मैदानावर उभी होती. मला तो अख्खा फोटो दाखवा."

पण चष्मेवाल्यांना एक खोड होती. विकायचा तेवढा फोटो ठेवायचा आणि आधीचा, जागा अडवतो म्हणून काढून टाकायचा. ते शोधत राहिले. बायकोने पाणी आणून ठेवलं, ते कुणी प्यायलं नाही. शेवटी त्यांनी हात टेकले.

"काय घातलं होतं तिने?" बाईंनी विचारलं.

"लक्षात नाही."

"बरोबर कुणी होतं? तब्येत बरी होती?"

"बाई, मी फक्त डोळे बघितले."

"बरं. मग एवढंच सांगा. हसत होती का?"

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली.

मला सगळं माहीत होतं. फोटोच्या कडा कापल्या तरी कापलेल्या भागाची आठवण फोटोतून जात नाही. पण मला विचारतो कोण? मी त्या काचेमागून नुसता बघत राहिलो.

पुढे मलमाची जाहिरात बदलली आणि औषधवाल्याने तो पुठ्ठा बाईंना देऊन टाकला. आता मी त्यांच्या मशीनशेजारी भिंतीला टेकून उभा असतो. माझ्यातल्या मुलीचा डोळ्यांखालचा भाग त्यांनी पडद्याच्या कापडाने झाकला आहे, कारण तो त्यांच्या मुलीचा नाही. उरलेत ते फक्त डोळे. शिवता शिवता त्या माझ्याशी बोलतात. जेवलीस का, विचारतात. मग उत्तरासाठी थोडं थांबतात आणि पुन्हा मशीन सुरू करतात. चष्मेवाले अजून दर सुट्टीला मैदानावर जातात. धावणाऱ्यांकडे पाठ करून दोरीपलीकडच्या माणसांचे फोटो काढतात, आणि एकही विकत नाहीत. ती मात्र त्यांना पुन्हा दिसलेली नाही.

मला दिसली.

दूर दुसऱ्याच एका गावात, दवाखान्याच्या त्या बोळात, ती मैत्रिणीबरोबर बाकावर बसली होती. मैत्रीण म्हणाली, "ए, हिची भुवई बघ. अगदी तुझ्यासारखी."

ती उठून माझ्यासमोर आली. आपलेच डोळे समोरून येताना बघून मला कसंसंच झालं. तिने स्वतःच्या खाचेवर बोट ठेवलं.

"मी लहानपणी कशावर तरी आपटले होते," ती म्हणाली. "लोखंडाचं काहीतरी होतं. आणि माझ्यापेक्षा दुसरंच कुणीतरी जास्त रडत होतं. कोण ते आठवत नाही."

त्याच क्षणी इकडे बाईंनी मशीन थांबवून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. त्याच डोळ्यांनी मी मायलेकी दोघींना बघत होतो. मी ओरडू शकलो असतो तर दोन्ही भिंती हलल्या असत्या. पण फोटोला तोंड असतं ते नावापुरतं, आणि माझं तर तेही परक्याचं. आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. ती आत गेली आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडली असावी.

मित्रांनो, फोटो काढा, खुशाल विका, माझी काही ना नाही. पण ज्याचा चेहरा आहे त्याला विचारा, मूळ फोटो जपून ठेवा, आणि कडेला उभ्या असलेल्या माणसांवर कात्री चालवण्याआधी त्यांच्याकडे एकदा नीट बघा. आणि माझं एक काम करा. डाव्या भुवईत खाच असलेली मुलगी कुठे भेटली तर तिला सांगा, रडत होती ती तुझी आई, आणि ती अजून त्याच मशीनवर बसते. आणि त्या पडदे शिवणाऱ्या बाई भेटल्या, तर त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना द्या. हसत होती म्हणावं. मैदानावरही हसत होती, आणि त्या बोळात माझ्याकडे शेवटचं वळून बघतानाही.