वळणावरची तिवई

मी एक जुनी तिवई आहे, आणि माझं डोकं अजून शांत झालेलं नाही. तेव्हा मित्रांनो, सांगताना आवाज चढला तर सांभाळून घ्या.

दाराच्या उरलेल्या फळीतून एका सुताराने मला घडवलं. एक पाय किंचित तोकडा राहिला. "राहू दे, मी कागदाची घडी घालीन," असं म्हणून आईने मला ठेवून घेतलं. तिची मुलं तिला आई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. पॅसेज जिथे स्वयंपाकघराकडे वळतो तिथे मला जागा मिळाली आणि माझ्यावर टेलिफोन बसला. काय थाट होता माझा! मुलगी माझ्यावर चढून दिव्याचं बटण गाठायची. मुलाने कर्कटकाने माझा कोपरा कोरला आणि त्यापायी धपाटा खाल्ला. पुढे टेलिफोन गेला, मुलं आपापल्या संसाराला लागली, आई एकटी राहिली. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहीना.

दोन वर्षांपूर्वी आईची नजर मंदावू लागली. हे तिच्या डॉक्टरांना ठाऊक होतं आणि मला. ती पलंगापासून अकरा पावलं मोजायची आणि हात खाली सोडायची. माझा कोरलेला कोपरा बोटांना लागला की उजवीकडे स्वयंपाकघर. सरळ गेलं तर न्हाणीघराची पायरी. एवढ्या आधारावर ती स्वयंपाक करायची, कपडे वाळत घालायची, ताठ मानेने राहायची.

मुलांना ती काही सांगत नव्हती. मुलगा एकदा म्हणाला होता, "तुला दिसेनासं झालं की हे घर विकायचं आणि तू माझ्याकडे यायचं." त्या दिवसापासून तिने तोंड मिटून घेतलं.

मग एका रविवारी दोघं घर आवरायला आली. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं, असे तीन ढीग घातले. वर्षभरात जे वापरलं नाही ते बाहेर, हा मुलीचा नियम. आईचं घर आणि नियम हिचा! संताप झाला माझा.

"आई, ही तिवई कशाला गं? हिच्यावर कधी काही नसतं."

"असू दे. तुझं काय खाते ती?"

"जागा खाते! सगळ्याला असू दे म्हटलंस तर आवरून कधी होणार?"

आई गप्प बसली. मला तिचाही राग आला. अगं, एक वाक्य बोल! पण ते वाक्य बोललं तर घर जाणार होतं. मुलाने मला उचललं आणि दाराशी, टाकायच्या ढिगात, उलटं टाकलं.

थोड्या वेळाने आई चहा ठेवायला निघाली. अकरा पावलं झाली, हात खाली गेला. तिथे काही नव्हतं. तिने हवेत चाचपडलं, एक पाऊल पुढे टाकलं आणि पाय पायरीवरून घसरला. दाराची चौकट हाताला लागली म्हणून निभावलं. भरदिवसा, स्वतःच्या घरात, ती ओरडली, "मी कुठे आहे रे?"

दोघं धावली. मुलीला रडू फुटलं. आईचा हात माझ्या रिकाम्या जागी चाचपडताना पाहून तिने पळत जाऊन मला आणलं आणि भिंतीला चिकटवून, नीटनेटकं ठेवलं. आईचा हात पुन्हा रिकामा गेला. तेव्हा कुठे मुलगी म्हणाली, "तूच लाव, आई." आईने मला वीतभर पुढे ओढलं आणि आपली पावलांची मोजणी सांगितली. मुलीने डोळे मिटले आणि पलंगापासून अकरा पावलं चालून पाहिली. कोपरा बोटांना लागताच ती तिथेच खाली बसली.

मुलगा म्हणाला, "पण आता तू एकटी कशी राहणार?"

"राहतेच आहे की दोन वर्षं! तोल गेला तो आज, तुम्ही आवरलंत म्हणून."



मित्रांनो, घर जरूर आवरा. पण वस्तू उचलण्याआधी त्या घरात राहणाऱ्या माणसाला विचारा, आणि ते गप्प बसलं तर उचलू नका, पुन्हा विचारा. निरुपयोगी म्हणे! तिच्या जागी दोन दिवस राहून मग बोला.

संध्याकाळी मुलाने लोखंडी पट्टी आणून मला आईने दाखवलेल्या जागीच भिंतीशी पक्कं जखडलं. घर विकण्याचं नाव त्याने काढलं नाही. स्क्रू माझ्या अंगात चांगलाच रुतला आहे. रुतू दे. आता मला हलवून दाखवा!