हळू बोलणारी डॉक्टर

त्रिवेणीचा आवाज लहानपणापासूनच बारीक. जामबागेतल्या मराठी शाळेत हजेरीच्या वेळी ती ‘हजर’ म्हणायची, तरी शेजारच्या मुलीला ओरडून सांगावं लागायचं, “बाई, आलीय ती!” मलकपेठेतल्या घरी कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. पण एम.बी.बी.एस. झाल्यावर तिनं जे शिक्षण निवडलं, ते बारीक आवाजाच्या माणसानं निवडावं असं मुळीच नव्हतं.

तेव्हा माधापूरच्या खडकांवर काचेच्या इमारती चढत होत्या आणि शहरात मोठमोठी खासगी इस्पितळं उघडत होती. त्यांतल्याच एका इस्पितळात, इंग्लंडहून परतलेल्या डॉ. सय्यद हश्मत यांनी इमर्जन्सी मेडिसिनची रेसिडेन्सी सुरू केली होती. तीन वर्षं तातडीच्या विभागातच राबायचं आणि तिथंच शिकायचं. पहिल्या बॅचला चौघंच जण मिळाले, कारण या शिक्षणाला अजून सरकारी मान्यता नव्हती.

“कॅज्युअल्टीत काय शिकायचं असतं गं?” तिचे वडील एकनाथराव म्हणाले होते. बीदरकडची शेती भावांवर सोपवून त्यांनी आबिड्सच्या पोस्टात सगळी नोकरी काढली होती. शिक्का नसलेल्या कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. “मोठा डॉक्टर येईपर्यंत पेशंटला धरून ठेवायचं, एवढंच ना? सरळ एम.डी. कर की.”

“तो येईपर्यंतच माणसं जातात, बाबा,” ती म्हणाली. नेहमीप्रमाणे एवढ्या हळू, की त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

विभागात मात्र दुसऱ्यांदा विचारायला कुणाला सवड नव्हती. पेशंट आत आला की एकच गलका उडायचा. त्रिवेणी सलाइन मागायची आणि ते कुणाच्या कानावर पडायचंच नाही. बरोबरचे रेसिडेंट सांगायचे, जरा ओरडत जा. तिनं गच्चीवर जाऊन ओरडण्याचा सरावही करून पाहिला. घसा बसला, आवाज होता तिथंच राहिला. शेवटी ती हश्मत सरांच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, “सर, हे काम मला जमणार नाही. मी सोडते.”

सर घरीदारी सगळीकडे दखनीच बोलायचे. त्यांनी तिला बसवलं. “आवाज कैकू बढाना? तुमे हल्लूच बोलो. पन हवा में नक्को बोलो. जिसकू बोलना, उसका नाम लेके बोलो.”

तिला ते नीट कळलं नाही. सरांनी तिला बाहेर नेलं. तीन स्ट्रेचर ओढून वॉर्डबॉय यादगिरी नुकताच टेकला होता. सर दारातूनच, कुजबुजावं तसं म्हणाले, “यादगिरी, पानी.” यादगिरी लगेच उठला. सर हसले आणि त्याला म्हणाले, “बैठो भाई, पानी नक्को.”

त्या दिवसापासून त्रिवेणीनं विभागातल्या एकेकाचं नाव पाठ करायला घेतलं. सिस्टर, तंत्रज्ञ, झाडूवाल्या, दारावरचे रखवालदार. सरांनीही एक केलं. सकाळच्या शिकवणीत त्यांनी सगळ्यांना, अगदी सिस्टरांनाही, सांगितलं की पेशंटजवळ एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि सांगितलेलं काम झालं की ‘झालं’ म्हणून कळवायचं. जो बोलेल त्यानं पेशंटच्या पायाशी उभं राहायचं आणि स्वतःचे हात मागे बांधायचे. हात कामात गुंतले की डोळे तिथंच अडकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. सवय लागायला पुष्कळ दिवस गेले. तोवर सर रोज तेच सांगत राहिले, न चिडता.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका दुपारी माधापूरकडच्या बांधकामावर बांबूंची परांची कोसळली. त्या परांचीवर काम करणारी तीन माणसं रिक्षातून आणि टेम्पोतून इस्पितळात आणली गेली. सर वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये होते. विभागात सर्वांत सीनियर त्रिवेणीच होती.

एकाचा पाय मोडून हाड बाहेर आलं होतं आणि तो किंचाळत होता. दुसऱ्याच्या डोक्याला मार होता, तो शुद्धीवर नव्हता. तिसरी पालमूरकडून कामाला आलेली बालम्मा. ती गप्प पडून होती. साडीला रक्ताचा डागही नव्हता. “बागानेउन्ना,” मी बरी आहे, असं ती तेलुगूत म्हणाली आणि डोळे मिटले.

त्रिवेणी बालम्माच्या पायाशी उभी राहिली आणि तिनं हात मागे बांधले. “लीलम्मा सिस्टर, बालम्माला सलाइनसाठी दोन मोठ्या सुया. यादगिरी, रक्तपेढीत पळ.” तिच्या नेहमीच्याच आवाजात. पण लीलम्मा सिस्टर वळल्या, यादगिरी पळाला आणि खोली हळूहळू शांत होत गेली. बालम्माची नाडी भराभर धावत होती, रक्तदाब खाली चालला होता, पोट फुगून कडक झालं होतं. त्रिवेणीनं तिच्या पोटात सुई घालून पाहायला सांगितलं, आणि सिरिंज रक्तानं भरली.

तेवढ्यात दार उघडलं आणि हश्मत सर आत आले. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्रिवेणी नकळत एक पाऊल मागे सरकली. पायाकडची जागा त्यांना द्यावी म्हणून.

सरांनी ती जागा घेतली नाही. ते हातमोजे चढवत तिच्याजवळ आले. “त्रिवेणी, मैं क्या करूं?”

तिनं तिन्ही स्ट्रेचरांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, “सर, डोक्याला लागलेल्या पेशंटचा श्वास तुम्ही सांभाळा.” सर मुकाट्यानं त्या कोपऱ्यात गेले, श्वास देण्याचा फुगा हातात घेतला आणि दाबत उभे राहिले.

हाडांचे सर्जन डॉ. नरसिंग राव घाईघाईनं आले. ते वयानं आणि मानानं मोठे. ऑपरेशन थिएटर एकच रिकामं होतं. त्यांनी मोडक्या पायाच्या माणसाचं स्ट्रेचर हलवायला सांगितलं.

“सर, आधी बालम्मा,” त्रिवेणी म्हणाली. “पोटात रक्तस्राव आहे. ती थांबू शकत नाही. पाय थोडा वेळ थांबेल.”

नरसिंग राव तिच्या डोक्यावरून कोपऱ्याकडे पाहत म्हणाले, “हश्मत, व्हॉट इज धिस? तुम्ही इथं असताना ही मुलगी ठरवणार?”

“हौ,” सर म्हणाले. फुगा दाबणं त्यांनी थांबवलं नाही. “आज लीडर वो हैं. उनसे पूछो.”

नरसिंग रावांनी त्रिवेणीकडे पाहिलं, मग सिरिंजमधल्या रक्ताकडे. मग स्वतःच बालम्माच्या स्ट्रेचरला हात लावला. “चला,” ते म्हणाले. “पोटाच्या सर्जनला कुणी बोलावलंय का?”

“बोलावलंय, सर. वर पोचले असतील.”

बालम्मा वाचली. फुटलेली प्लीहा काढावी लागली. पायाचं ऑपरेशन संध्याकाळी झालं आणि तेही चांगलं झालं. डोक्याला मार लागलेला माणूस मात्र गेला. त्याचा भाऊ बाहेर बाकड्यावर सिमेंटनं माखलेल्या कपड्यांत बसला होता. त्याला सांगायला त्रिवेणी निघाली. सर तिच्याबरोबर आले. खुर्चीवर न बसता त्या भावाच्या बाकड्यावरच टेकले, आणि बोलायचं तिच्यावर सोडलं. तिनं त्याचं नाव विचारलं. मग त्या नावानं हाक मारून तिनं तेलुगूत, हळू, सरळ सांगितलं. तो रडत होता तोवर दोघंही तिथून उठले नाहीत.

नंतर चहाच्या खोलीत सरांनी विचारलं, “अगली बार क्या अलग करते?”

“न्यूरोसर्जनला आधी फोन लावला असता.” तिचे डोळे भरून आले. “तो वाचला असता का, सर?”

“शायद नै. फिर भी, फोन पहले.” सरांनी कप तिच्यापुढे सरकवला. तिला उत्तर गोड करून दिलं नाही, म्हणून तिला बरं वाटलं.

“सर, तुम्ही आल्यावर मला वाटलं, आता सुटले.”

“मालूम. मेरेकू भी वैसाच लगा था, पैली बार. बड़े साब आये, मेरे हाथ में से सब छीन लिये. पेशंट बच गया. मैं दो साल किसी पेशंट के पांव के पास खड़ा नै रह सका.” एवढं बोलून ते चहा प्यायले आणि दुसरंच काही बोलू लागले.

त्रिवेणीला आभार मानायचे होते, पण मोठे शब्द तिच्या तोंडी बसत नव्हते. घरी तिनं सगळं सांगितलं. एकनाथराव एरवी बातम्या लागल्या की कुणाचं ऐकत नसत. त्या दिवशी त्यांनी टीव्ही बंद केला. फुग्याशी उभ्या राहिलेल्या सरांचं तिनं सांगितलं, तेव्हा त्यांनी तो भाग पुन्हा सांगायला लावला.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईनं, सुशीलाबाईंनी, धपाटे केले, आणि डबा घेऊन एकनाथराव स्वतः लेकीबरोबर निघाले. हश्मत सर चहाच्या खोलीत उभ्यानंच धपाट्याचा घास घेत म्हणाले, “वा! बीदर का हाथ है ये.”

“हौ साब, बीदरच,” एकनाथराव खुलले. मग खाकरले. “साब, मेरा बहुत विरोध था. पोरीचा आवाज घरात मलाच ऐकू येत नाही. तुमने...” पुढचं त्यांना दखनीत सापडेना, तेव्हा ते मराठीतच म्हणाले, “तुम्ही तिचं ऐकलंत. लई उपकार झाले.”

सरांना मराठी पूर्ण कळत नव्हती. पण त्यांनी डबा खाली ठेवला आणि एकनाथरावांचे दोन्ही हात हातात घेतले.

जाताना एकनाथराव विभागातून चालले होते. मागून कुणीतरी “त्रिवेणी मॅडम!” अशी हाक दिली आणि अँब्युलन्समधून उतरवलेलं स्ट्रेचर दारातून आत आलं. एकनाथराव पटकन भिंतीला चिकटले. लेक त्यांच्यासमोरून झपाझप निघून गेली, तिनं त्यांना पाहिलंही नाही. ते तसेच उभे राहिले. पडद्याआडून तिचा बारीक आवाज येत होता, एकेकाचं नाव घेत. आणि प्रत्येक नावामागून कुणीतरी म्हणत होतं, “झालं, मॅडम.”